गोळीचा वेग मोजायचा, तोही भर उन्हात

पन्नास मीटरच्या कुठल्याही रेंजवर नेहमी ऐकू येणारा हा वाद आहे. नेमबाज मुलगी झोपून नेम धरते. सात गोळ्या दहात बसतात आणि आठवी नेमकी खाली, नऊत उतरते. "ट्रिगर खेचलास," मागून प्रशिक्षक म्हणतात. "नाही सर, शॉट स्वच्छ सुटला होता," ती म्हणते. वारा पडलेला, रायफल तीच, काडतुसांचा बॉक्सही तोच. मग गोळी खाली का गेली?

नुसत्या टार्गेटकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. हात हलला तरी ठिपका खाली पडतो आणि गोळी नेहमीपेक्षा हळू निघाली तरी खालीच पडतो.

थोडा हिशेब करू. पॉइंट टू-टूची स्पर्धेतली गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. पन्नास मीटर कापायला तिला ०.१६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२७ मिलिमीटर खाली ओढतं. रायफलची साइट हे धरूनच लावलेली असते, त्यामुळे एरवी ते जाणवत नाही. आता एखादी गोळी ३२५ऐवजी ३१५ मीटर वेगाने निघाली, तर बाकी सगळं तसंच असतानाही ती जवळपास ८ मिलिमीटर जास्त खाली जाते. या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळाचं अंतर बरोबर ८ मिलिमीटर आहे. म्हणजे नेमबाजाने काहीही चूक न करता जवळजवळ एक पूर्ण गुण गेला. मधोमध बसायची ती गोळी दहाच्या काठावर लटकते आणि नेम मुळातच केसभर खाली असेल तर सरळ नऊत जाते.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं ते याच पन्नास मीटर अंतरावर. तेव्हापासून आपल्याकडे या प्रकाराकडे वळणारी मुलं वाढली आहेत आणि त्यांच्या पालकांसमोर, छोट्या क्लबांसमोर एक नवा प्रश्न येतो आहे: गोळीचा वेग मोजणारं यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ, घ्यायचं तर कोणतं? दुकानदार दशांश चिन्हापुढचे आकडे दाखवतात. बाहेरच्या रेंजवर त्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. तिथे खरी परीक्षा घेतं ते ऊन.

वेग मोजायच्या दोन रीती

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगासाठी चलान कसं येतं ते आठवा. एक रीत अशी की दोन कमानींवर कॅमेरे असतात. गाडी पहिल्या कमानीखालून कधी गेली आणि दुसरीखालून कधी, याची नोंद होते. मधलं अंतर माहीत असतं, त्याला वेळेने भागलं की वेग मिळतो. दुसरी रीत रस्त्याकडेला उभ्या पोलिसाची. तो हातातली स्पीडगन गाडीवर रोखतो, रेडिओ लहर गाडीवर आपटून परत येते आणि तिच्यात पडलेल्या फरकावरून वेग कळतो. बाजारात मिळणारे जवळपास सगळे क्रोनोग्राफ या दोनपैकी एका घराण्यातले असतात.

फरक आहे तो घाईचा. स्वस्त क्रोनोग्राफमध्ये दोन "कमानीं"मधलं अंतर एक फूट, म्हणजे ३०५ मिलिमीटर असतं. पॉइंट टू-टूची गोळी ते अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात कापते. दहा मीटर एअर रायफलची पेलेट त्या मानाने संथ. सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने जाणाऱ्या पेलेटला पावणेदोन मिलिसेकंद लागतात.

इतका छोटा काळ मोजणं आज अवघड राहिलेलं नाही. मनगटावरच्या घड्याळात असतो तसला क्वार्ट्झ स्फटिक वापरून सेकंदाचे लाखो तुकडे आरामात मोजता येतात. पूर्वी मात्र हीच मोठी अडचण होती. म्हणून इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने वेळ मोजायच्या भानगडीत न पडता वेगळीच युक्ती केली. टांगलेल्या लंबकावर त्याने गोळी झाडली आणि लंबक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. १७४२ साली त्याने ही पद्धत पुस्तकात मांडली. जाता जाता सांगायचं तर हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदीचा अभियंता म्हणून इकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

एकोणिसाव्या शतकात बेल्जियन तोफखान्यातला अधिकारी ले बुलाँजे याने वेळेचाच प्रश्न सोडवला, तोही गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने. विद्युतचुंबकांनी दोन दांड्या वर धरून ठेवलेल्या असत. गोळीने पहिली तार तोडली की लांब दांडी सुटून पडू लागे. दुसरी तार तुटली की आखूड दांडी सुटे आणि खालचा खटका दाबे, तसं एक पातं झपकन येऊन पडत्या लांब दांडीवर खूण करी. खूण किती उंचीवर पडली ते मोजायचं. पडणारी वस्तू किती वेळात किती खाली येते हे ठाऊक असल्याने वेळ मिळत असे. बॅटरी आणि तारा सोडल्या तर यात इलेक्ट्रॉनिक असं काहीच नव्हतं, तरी विसाव्या शतकातही ही यंत्रं वापरात होती.

आकाशाकडे बघणारे डोळे

आजच्या स्वस्त क्रोनोग्राफमध्ये तारांच्या जागी प्रकाश आला आहे. पेटीत एकापुढे एक असे दोन प्रकाश-संवेदक असतात. प्रत्येकाच्या वर अरुंद फट असते आणि त्या फटीतून तो आकाशाची एक पातळ पट्टी बघत असतो. गोळी त्या पट्टीतून गेली की क्षणभर प्रकाश किंचित घटतो. पहिल्या डोळ्याला ही घट दिसली की मोजणी सुरू, दुसऱ्याला दिसली की बंद.

म्हणजे सगळा व्यवहार सावलीवर चालतो आणि सावली कशी पडणार हे आकाश ठरवतं.

आकाश पांढुरकं, ढगांनी सारखं झाकलेलं असेल तर हे यंत्र उत्तम चालतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळसर गोळी ठळक दिसते. निरभ्र निळं आकाश आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन असेल तर उलटं होतं. गोळीच्या चकचकीत अंगावरून ऊन परावर्तित होऊन खाली संवेदकात उतरतं. जिथे अंधार व्हायचा तिथे उजेड होतो. मग कधी आकडाच येत नाही, कधी भलताच येतो. यासाठी डोळ्यांच्या वर पांढरे अर्धपारदर्शक पडदे लावतात, त्यांना डिफ्यूझर म्हणतात. ते उन्हाचा झोत पसरवून संवेदकाला एकसारखी पांढरी पार्श्वभूमी देतात. कडक उन्हात ते लावायचे आणि दाट ढग असतील तर काढून ठेवायचे, कारण तेव्हा ते उरलासुरला प्रकाशही अडवतात. काही जण गोळीचं टोक काळ्या मार्करने रंगवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण चमक मारायला हा उपाय कामी येतो.

संध्याकाळचं ऊन सगळ्यांत त्रासदायक. सूर्य खाली आला की किरण डिफ्यूझरच्या खालून, तिरके, थेट फटीत शिरतात. रेंज बांधताना शक्यतो सूर्य नेमबाजाच्या पाठीमागे राहील अशी दिशा धरतात. नेमबाजाच्या डोळ्यांची त्यामुळे सोय होते, पण पुढे मांडलेल्या यंत्रावर मागून तिरपं ऊन येत राहतं.

याहून फसवी एक परिस्थिती आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर आढळते. फायरिंग पॉइंटवर पत्र्याचं छप्पर असतं आणि त्याची सावली पुढे जमिनीवर पडलेली असते. यंत्र नेमकं त्या सावलीच्या कडेवर ठेवलं जातं. पहिला डोळा सावलीत आणि दुसरा उन्हात. आता दोघांना गोळी "दिसण्याचा" क्षण सारखा राहत नाही. समजा एकाला ती तीन मिलिमीटर उशिरा दिसली. ३०५ मिलिमीटरमध्ये तीन म्हणजे एक टक्का. ३२५च्या वेगात सव्वातीन मीटरची चूक! यंत्र काहीही तक्रार करत नाही, आकडा रुबाबात दाखवतं. तासाभराने सावली सरकली की आकडेही सरकतात आणि आपण समजतो की काडतुसं बदलली.

म्हणून अशा यंत्राच्या जाहिरातीत घड्याळ किती वेगवान आहे हे वाचण्यात अर्थ नाही. घड्याळ सगळ्यांचंच चांगलं असतं. चूक होते ती गोळी नेमकी कुठे असताना डोळ्याने पाहिली, यात. दोन डोळ्यांमधलं अंतर दुप्पट केलं तर तेवढीच चूक निम्म्यावर येते. टेक्सासमधल्या ओहलर कंपनीच्या यंत्रांचं नाव अमेरिकेतल्या जुन्याजाणत्या नेमबाजांत आजही आदराने घेतलं जातं ते याच विचारामुळे. लांब पट्टीवर दोनऐवजी तीन डोळे. एकाच गोळीचा वेग दोनदा मोजायचा आणि दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तसं स्पष्ट दाखवायचं. आपलं उत्तर संशयास्पद आहे हे स्वतःहून सांगणारं यंत्र मला चार दशांश स्थळं दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

प्रकाशाच्या यंत्राची आणखी एक खोड म्हणजे नळीतून गोळीमागोमाग निघणारा झोत. दारूच्या बंदुकीत धूर, न जळलेले कण आणि हवेचा दणका हे सगळं बाहेर येतं आणि जवळचा डोळा त्यालाच गोळी समजतो. म्हणून यंत्र नळीपासून तीन-चार मीटर पुढे ठेवतात. एअर रायफलला मीटरभर पुरतं.

ज्या मॉडेलांत डिफ्यूझरच्या जागी स्वतःचे अवरक्त दिवे असतात, त्यांना आकाशाची गरज कमी पडते. घरातल्या किंवा बंदिस्त हॉलमधल्या दहा मीटर रेंजवर ती छान चालतात. साध्या यंत्राला तिथे दुसरीच अडचण येते. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे बरेच ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, संवेदकाला कळतं.

नळीला बांधायचं यंत्र

मॅग्नेटोस्पीडसारखी यंत्रं संगिनीसारखी नळीच्या तोंडाशी पट्ट्याने बांधतात. गोळी धातूची असल्याने जवळून जाताना चुंबकीय क्षेत्रात खळबळ करते, ती दोन ठिकाणी टिपली जाते. ऊन, ढग, पाऊस कशाचाही संबंध नाही. पुढे जाऊन काही मांडायचं नाही. पण नळीवर वजन लटकवलं की तिचं थरथरणं बदलतं आणि गोळ्या दुसरीकडे पडू लागतात. वेग मोजा किंवा टार्गेटवर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते (ग्रुप) बघा, दोन्ही एकदम जमत नाही. शिवाय हलक्या, मंद पेलेटसाठी यातली बरीच मॉडेल्स बनलेलीच नाहीत. आपल्याकडच्या नेमबाजाला याचा उपयोग मर्यादितच.

रडार: मागून बघणारा

आता स्पीडगनच्या घराण्याकडे येऊ. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान डॉपलर याने १८४२ साली जे तत्त्व मांडलं त्यावर हे चालतं. पाठवलेली लहर दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतली की तिची वारंवारता थोडी कमी झालेली असते. वस्तू जितकी वेगात तितकी घट जास्त. लहर २४ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २,४०० कोटी कंपनांची असेल, तर ३२५ मीटर वेगाच्या गोळीवरून परतताना ती सुमारे ५२ हजार कंपनांनी घटते. २,४०० कोटींत बावन्न हजार फारच थोडे वाटतात, पण पाठवलेली आणि परतलेली लहर एकत्र मिसळली की हा फरक सुटा होऊन समोर येतो आणि इलेक्ट्रॉनिक्सला तो मोजणं सोपं जातं.

यात सूर्याचा संबंधच उरत नाही. यंत्र रायफलच्या शेजारी, टेबलावर किंवा छोट्या तिकाटण्यावर बसतं आणि गोळीकडे मागून बघतं. ते एकदाच मोजून थांबत नाही. गोळी पुढे जात असताना अनेकदा मोजतं आणि त्यावरून मागे हिशेब करून नळीच्या तोंडाशी वेग किती होता ते सांगतं. म्हणूनच शेजारी रडार आणि पुढे प्रकाशाचं यंत्र असेल तर दोन आकडे जुळत नाहीत आणि लोक भांडतात. पॉइंट टू-टूची गोळी चार मीटर पुढे जाईपर्यंत हवेच्या विरोधाने सेकंदाला दोनेक मीटर मंदावलेली असते. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतात.

कॅनडाची लॅबरडार ही नारिंगी चौकोनी पाटी बरीच वर्षं या प्रकारात पुढे होती. तिला मोजणी सुरू करायला बाराचा आवाज लागे. एअर रायफलचा आवाज तिला कमी पडे, त्यामुळे वेगळा ट्रिगर जोडावा लागे, आणि उलट शेजारच्या लेनमध्ये कुणी मोठा बार काढला की ती विनाकारण जागी होई. तिचा नेम टार्गेटच्या दिशेने नीट लावणं हेही एक कामच होतं. २०२३च्या अखेरीस गार्मिनने झीरो सी-वन प्रो आणला आणि खेळ बदलला. तळहाताएवढं, पाण्याला न घाबरणारं, आवाजाची वाट न बघता लहरीतूनच गोळी ओळखणारं यंत्र. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत सहाशे डॉलरच्या घरात होती, तर साधी प्रकाशाची यंत्रं शंभर-सव्वाशे डॉलरपासून मिळत. त्यानंतर इतर कंपन्यांनीही छोटी रडार आणली आहेत, त्यामुळे खरेदीच्या वेळी नावापेक्षा आपल्या वेगाची आणि आपल्या आकाराची गोळी ते पकडतं का, एवढंच विचारावं.

रडारला अडचणी नाहीत असं नाही. साडेचार मिलिमीटरची पेलेट लहरीला फार थोडं परतवते, म्हणून यंत्र नळीच्या जवळ आणि टार्गेटशी सरळ रेषेत ठेवावं लागतं. मध्ये टेबलाची कड, लेनची लोखंडी जाळी किंवा स्कोपचा स्टँड आला तर पेलेट निसटते. आणि हे रेडिओ लहरी सोडणारं यंत्र असल्यामुळे भारतात त्याला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस विभागाची मान्यता लागते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून मागवण्यापेक्षा बिल देणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं बरं.

पाच गोळ्यांचा भ्रम

यंत्र कितीही चांगलं असो, ते वापरणारा माणूस पाच गोळ्या झाडून निष्कर्ष काढतो आणि सगळं मुसळ केरात जातं.

वेगातला चढउतार मोजायला प्रमाण विचलन नावाचं माप वापरतात. सरासरीपासून गोळ्या साधारण किती इकडेतिकडे होतात, हे ते सांगतं. समजा पाच गोळ्यांवर ते ३ मीटर आलं. संख्याशास्त्र सांगतं की त्या लॉटचं, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या त्या काडतुसांचं, खरं विचलन १.८पासून ८.६पर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे लॉट अप्रतिमही असू शकतो आणि टाकाऊही. वीस गोळ्यांवर तेच ३ आलं तर ही कक्षा २.३ ते ४.४ इतकी आवळते. दोन लॉटची तुलना करायची असेल तर प्रत्येकी वीस तरी गोळ्या झाडाव्यात. स्पर्धेची काडतुसं महाग आहेत, हे खरं. पण पाच-पाच गोळ्यांवर लॉट निवडून वर्षभराचा साठा घेणं त्याहून महाग पडतं.

काडतुसांच्या बॉक्सवरही माहिती असते, ती सहसा कुणी वाचत नाही. एली कंपनीच्या स्पर्धेच्या काडतुसांचा बॉक्स हातात घेऊन टोकाकडे बघा. लॉट क्रमांकाबरोबर एक चार अंकी आकडा छापलेला असतो, १,०६०च्या आसपासचा. तो कारखान्यात मोजलेला त्या लॉटचा वेग, सेकंदाला फुटांत. ३.२८ने भागलं की मीटर मिळतात. १,०६० म्हणजे ३२३. आपल्या यंत्राने त्याच लॉटचा सरासरी वेग ३१८ दाखवला तर घाबरू नका. कारखान्यातली नळी वेगळी, तिथलं तापमान वेगळं. पण यंत्र ३५० दाखवू लागलं तर काडतुसांवर शंका घेण्याआधी आपल्या यंत्राच्या सावलीकडे बघा.

एअर रायफलवाल्यांना क्रोनोग्राफ निराळ्याच कामाला येतो. त्यांच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत दाबाची हवा असते आणि रेग्युलेटर नावाचा भाग प्रत्येक शॉटला मोजून तेवढीच हवा सोडतो. तो खराब होऊ लागला की टार्गेटवर लगेच कळत नाही. रायफल अर्धा तास तशीच ठेवा आणि मग सलग शॉट मोजा. पहिला १७८ आणि पुढचे १७२, १७१, १७२ असे आले तर रेग्युलेटर बसल्या बसल्या दाब वाढू देतो आहे. त्याला सर्व्हिसिंग हवं. दहा मीटरवर तीन मीटरच्या फरकाने पेलेट ०.६ मिलिमीटर वर किंवा खाली सरकते. दशांशात गुण मोजले जातात तिथे हे दोन दशांश गुणांहून अधिक झालं, इथे तर फरक सहाचा आहे.

चौकट: पैसे मोजण्याआधी

• ऊन असताना यंत्र प्रत्यक्ष चालवून बघा. स्क्रीन उन्हात वाचता येते का? तापल्यावर काळी पडते का?

• एकाच लॉटच्या दहा-दहा गोळ्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी झाडा. सरासरी दोन-तीन मीटरच्या आत राहिली तर यंत्र बाहेरच्या कामाचं. हवा तापल्याने थोडा फरक पडतोच, तो यंत्राच्या माथी मारू नका.

• एक बॉक्स "संदर्भ" म्हणून राखून ठेवा. दर वेळी सुरुवातीला त्यातल्या काही गोळ्या मोजा. यंत्र घसरलं की लगेच कळेल.

• शंभरात किती शॉट टिपले गेले ते मोजा. दर पाचवा शॉट गाळणारं यंत्र नकोच.

• प्रकाशाचं यंत्र घेणार असाल तर नवी बॅटरी सोबत ठेवा. मरत आलेल्या बॅटरीवर आकडे भरकटतात.

नेमका आकडा कधी हवा?

दोन लॉटची तुलना करताना यंत्र नेहमी दोन मीटर जास्त दाखवत असेल तरी बिघडत नाही, कारण दोन्ही लॉटना ते सारखंच जास्त दाखवतं. तिथे हवं ते सातत्य. कायद्याच्या बाबतीत मात्र खरा आकडाच हवा. आपल्या २०१६च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. ब्रिटनमध्ये एअर रायफलसाठी ही मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल आहे आणि जर्मनीत ७.५ ज्यूल.

ऊर्जा काढायची तर पेलेटचं वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचं, वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि निम्मं करायचं. ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला २७५ मीटर वेगाने गेली की बरोबर २० ज्यूल होतात. स्पर्धेची एअर रायफल आठ ज्यूलच्याही आत असते, तिला चिंता नाही. पण शिकाऊ मुलासाठी दुकानातून आणलेल्या गनच्या खोक्यावर "१,००० एफपीएस" असं ठळक छापलेलं असतं, ते बहुधा फार हलक्या पेलेटवर मोजलेलं असतं. ०.३५ ग्रॅमच्या पेलेटने तो वेग, म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर, गाठला तर ऊर्जा १६.३ ज्यूल भरते. नेहमीच्या शिशाच्या पेलेटने तीच गन किती ऊर्जा देते हे खोक्यावरून समजत नाही, मोजूनच समजतं. अशा वेळी एक टक्क्याची चूकही महागात पडू शकते, कारण वेगातली एक टक्का चूक ऊर्जेत दोन टक्के होते.

मग घ्यायचं कोणतं?

घरी किंवा हॉलमध्ये फक्त एअर रायफल मोजायची असेल तर स्वतःचे दिवे असलेलं प्रकाशाचं यंत्र पुरेसं आहे. रडारवर जास्तीचे पैसे घालवू नयेत. बाहेरच्या पन्नास मीटर रेंजसाठी मात्र मी रडारच घेईन आणि तेही एकट्याने नाही. क्लबमधल्या दहा नेमबाजांनी प्रत्येकी एक स्वस्त यंत्र घेऊन दहा वेगवेगळे आकडे मिळवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक रडार घ्यावं, त्याच्याबरोबर एक संदर्भ लॉट आणि एक नोंदवही ठेवावी. वर्षभरात कुठला लॉट कुणाच्या रायफलला मानवला याचं टिपण तयार होईल. घरात आधीच प्रकाशाचं जुनं यंत्र असेल तर ते टाकून देऊ नका. त्याच्यावर मोठी पांढरी छत्री धरा, ते पूर्ण छत्रीखाली येईल असं बघा आणि गोळ्या दर वेळी पट्टीच्या त्याच उंचीवरून जाऊ द्या. बरंच सुधारेल.

रडारच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि माझ्या लेखी ते अचूकतेपेक्षा मोठं आहे. प्रकाशाचं यंत्र मांडायला, सरळ करायला, पडलेला डिफ्यूझर उचलायला दर वेळी फायरिंग लाइनच्या पुढे जावं लागतं. भरल्या रेंजवर त्यासाठी सगळ्यांचा गोळीबार थांबवावा लागतो. रडार लाइनच्या मागेच राहतं. ज्यांच्याकडे पुढे मांडायचं यंत्र आहे त्यांनी रेंज अधिकाऱ्याला आधी विचारावं, त्यांनी "सीझ फायर" दिल्यावर सगळ्या रायफली रिकाम्या आणि सेफ्टी फ्लॅग लावलेल्या आहेत हे स्वतः बघावं आणि मगच पाऊल पुढे टाकावं.